जमिनीच्या कागदांवरून खापरपणजोबांपर्यंत : आयोवातील डेकोरा

माझ्या यजमानांचे खापरपणजोबा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नॉर्वेहून अमेरिकेत आले आणि आयोवाच्या ईशान्य कोपऱ्यातील विनेशीक काउंटीत त्यांनी शेती केली, एवढेच सासरी सर्वांना ठाऊक होते. त्यांचा माग काढण्यासाठी गेल्या उन्हाळ्यात आम्ही मिनिआपोलिसहून मोटारीने, सुमारे तीन तासांत, काउंटीचे मुख्य गाव असलेल्या डेकोराला गेलो.

केवळ नावाच्या आधारे शोधणाऱ्याची येथे दमछाक होते. त्या पिढीतील नॉर्वेजियन माणूस बापाच्या नावावरून ओळखला जाई, कधी मायदेशातील शेतवाडीचे नावही लावी, आणि इंग्रजी कारकून कानावर पडेल तसे टिपून घेई. त्यामुळे एकच गृहस्थ जनगणनेत एका नावाने, चर्चच्या दप्तरात दुसऱ्या आणि खरेदीखतात तिसऱ्याच नावाने भेटतो. जमीन मात्र जागची हलत नाही, म्हणून शोध तिच्यापासूनच सुरू करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

सरकारने विक्रीपूर्वी ही जमीन मोजून सहा मैल लांब-रुंद टाउनशिपांत आणि प्रत्येक टाउनशिप 640 एकरांच्या 36 सेक्शनांत विभागली होती. मूळ विक्रीचे पेटंट, म्हणजे सरकारने पहिल्या मालकाला दिलेली जमिनीची सनद, केंद्रीय भूव्यवस्थापन विभागाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते; त्यावरील टाउनशिप, रेंज (टाउनशिपांचा उभा पट्टा) व सेक्शन यांचे आकडे सातबाऱ्यावरील गट क्रमांकाप्रमाणे पुढे सर्वत्र उपयोगी पडतात. मात्र पेटंटावर एखाद्या सैनिकाचे नाव आढळल्यास त्याला लगेच वंशावळीत बसवू नये. लष्करी सेवेबद्दल मिळालेली जमिनीची वॉरंटे, म्हणजे सरकारी जमीन मिळण्याची हक्कपत्रे, सर्रास विकली जात आणि शेतकरी ती विकत घेऊन जमिनीच्या किमतीपोटी सरकारकडे भरत, त्यामुळे तो सैनिक बहुधा परकाच असतो.

1850 पासूनच्या केंद्रीय जनगणनेत घरातील प्रत्येकाचे नाव मिळते. 1890 ची जनगणना 1921 च्या आगीनंतर जवळजवळ नष्टच झाली. आयोवापुरती ती उणीव 1885 ची राज्य जनगणना बरीच भरून काढते, आणि तीत सेक्शनही नोंदलेला असतो.

जमिनीची खते पाहण्यासाठी डेकोराच्या कोर्टहाउसमध्ये कामाच्या दिवशी सकाळीच जावे. खतांच्या सूचीत विकणारा व घेणारा अशा दोन्ही बाजू पाहाव्यात. विक्रीखतात पत्नीलाही आपला हक्क सोडावा लागे, म्हणून तिचे नाव हमखास सापडते. आमच्या खतावर खापरपणजीची सही नव्हती, फुलीची खूण होती आणि त्या फुलीच्या दोन्ही बाजूंना कारकुनाच्या वळणदार अक्षरात तिचे नाव लिहिलेले होते. घरातल्या कोणालाही ते ठाऊक नव्हते.

गावातील वेस्टरहाइम या नॉर्वेजियन-अमेरिकन संग्रहालयासाठी निदान अर्धा दिवस राखावा. नॉर्वेजियन वंशावळींचे विशेष ग्रंथालय मात्र विस्कॉन्सिनमधील मॅडिसनला आहे. तेथे आधी कळवून जाणे श्रेयस्कर.

दफनभूमीत मऊ ब्रश, पाणी आणि हातआरसा न्यावा. आरशाने ऊन तिरके पाडले की झिजलेली अक्षरे उठून दिसतात. दगडावर खडू किंवा दाढीचा फेस मुळीच लावू नये. उंच गवतात गोचिडी असतात, तेव्हा पायघोळ विजार घालावी, आणि शेत खासगी असेल तर मालकाला विचारूनच आत जावे. चर्चच्या दप्तरात नॉर्वेतील जन्मगाव सापडले, तर तेथील चर्चच्या नोंदवह्या नॉर्वेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने संगणकावर विनामूल्य खुल्या केल्या आहेत. त्यासाठी ऑस्लो गाठण्याची गरज नाही.