एकोणीस पावत्या, एकच फॅट

आमच्या भागातल्या एका दूध डेअरीवर एका संध्याकाळी सलग एकोणीस उत्पादकांना ३.९ फॅट आणि ८.६ एसएनएफ (फॅट आणि पाणी सोडून दुधातले बाकीचे घटक) लागली. लागोपाठ दोघांना सारखी लागलेली मी पाहिली आहे. पण एकोणीस गोठे, कुणाकडे जर्सी गाई, कुणाकडे एचएफ, कुणाकडे चाऱ्याला उसाचे वाढे तर कुणाकडे मुरघास, आणि आकडा मात्र दशांशापर्यंत एकच. हे कशामुळे झालं ते त्याच रात्री सापडलं. त्यानंतर जे झालं ते बरोबर होतं का, हे अजून डोक्यातून जात नाही. म्हणून लिहितोय.

माझं संगमनेरात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. शाळा, पतसंस्था, मेडिकल आणि बऱ्याच डेअऱ्या माझ्याकडे आहेत. डेअरीचा कॉम्प्युटर दिवसभर झाकून ठेवलेला असतो. सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास त्याच्यावर गाव चालतं. दुपारी तो बिघडला तर कुणाला पत्ताही लागत नाही. सहा वाजता बिघडला तर किटल्यांची रांग रस्त्यावर येते, आणि दूध काही उद्यापर्यंत थांबत नाही. त्यामुळे संध्याकाळी डेअरीचा फोन आला की हातातलं काम तसंच ठेवून मी निघतो.

डेअरी चालवणारे अण्णा फोनवर एवढंच म्हणाले, "दादा, मशीन फॅट दाखवतंय, पण कॉम्प्युटरमधी येईना. आणि आधीचं जे आलंय ते बी खरं दिसंना."

पोचलो तेव्हा अण्णा मशीनवरचा आकडा बघून वहीत लिहीत होते आणि त्यांचा भाचा किटल्या रिकाम्या करत होता. गोंधळ उघड केला होता एका मावशींनी. त्यांनी पावती घरी न नेता तिथेच दिव्याखाली वाचली आणि परत आल्या. "माझ्या गाईला सांजच्याला चारच्या खाली कधी लागली नाही. आज ३.९ कशी?" अण्णांनी मागच्या पावत्या चाळल्या तर सगळ्या ३.९. त्यांनी कॉम्प्युटर बंद करून चालू केला, तेव्हापासून फॅट यायचीच थांबली.

डेअरीवर न गेलेल्यांसाठी थोडं सांगतो. काट्यावर दूध ठेवलं की वजन कॉम्प्युटरमध्ये जातं. नमुना मिल्क अॅनालायझरमध्ये लावला की मिनिटभरात फॅट आणि एसएनएफ येते, तीही तारेतून कॉम्प्युटरमध्ये जाते. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला धरतात, त्याच्या वर-खाली प्रत्येक पॉइंटला पैसे वाढतात किंवा कापले जातात, आणि दहा दिवसांनी बिल निघतं. ही सगळी यंत्रं जुन्या सिरियल पोर्टची भाषा बोलतात. नव्या कॉम्प्युटरला तो पोर्ट नसतो किंवा एकच असतो, म्हणून मध्ये एक यूएसबी-टू-सिरियल केबल लावतात. तिच्या प्लगमध्ये एक बारीक चिप असते आणि त्या चिपला विंडोजमध्ये ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण चालवणारा छोटा प्रोग्रॅम, लागतो.

इथे काट्याची तार मदरबोर्डच्या मूळ सिरियल पोर्टला होती आणि अॅनालायझर यूएसबी केबलवर. घोळ इतका वेळ कुणाच्या लक्षात आला नाही त्याचं कारण हेच. वजन प्रत्येकाचं वेगळं येत होतं. चालू-बंद काय आहे हे माणूस वजनाकडे बघूनच ठरवतो.

डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे विंडोजमधली जोडलेल्या उपकरणांची यादी, उघडला. पोर्ट्सच्या खाली केबलच्या नावावर पिवळा त्रिकोण, आत कोड १०: हे उपकरण सुरू होऊ शकत नाही. या केबलींच्या बाबतीत हा त्रिकोण मी ओळखून आहे. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या कितीतरी केबलींमध्ये नामांकित चिपची नक्कल असते, किंवा मूळ कंपनीने कधीच बंद केलेली चिप असते. जुना ड्रायव्हर त्यांना मुकाट चालवून घेतो. नवा ड्रायव्हर चिप तपासतो आणि नाकारतो. २०१४ च्या ऑक्टोबरात एफटीडीआय या चिप-कंपनीचा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून आला, तो तर नकली चिपचा ओळख क्रमांकच शून्य करून टाकत होता. जगभर आरडाओरडा झाल्यावर कंपनीने तो मागे घेतला. नक्कल करणाऱ्याला अडवायचा मूळ कंपनीला हक्क आहे, हे मला मान्य आहे. पण शिक्षा नक्कल करणाऱ्याला होत नाही, विकणाऱ्यालाही होत नाही. ती साखळीतल्या शेवटच्या माणसाला होते, आणि इथे तो माणूस किटली घेऊन उभा होता.

ड्रायव्हर आपोआप कसा बदलला, हे आधी शोधायचं ठरवलं. पहिल्यांदा दुरुस्ती करून टाकली असती तर रांग लवकर हलली असती, पण अण्णांनी "आधीचं जे आलंय ते खरं नाही" म्हटलेलं मनात होतं, आणि पुरावा हलवायच्या आत बघून घेणं गरजेचं होतं. विंडोजच्या आयएनएफ फोल्डरमध्ये 'सेटअपएपीआय डेव्ह' नावाची एक लॉग फाइल असते. ती फार कमी लोक उघडतात, आमच्या धंद्यातलेही. कुठलं उपकरण, कुठला ड्रायव्हर, कुठल्या प्रोग्रॅमने, किती वाजून किती मिनिटं किती सेकंदांनी बसवला, हे सगळं त्यात ओळीने लिहिलेलं असतं. फाइल लांबलचक असते. शेवटून वर वाचत यायचं आणि 'सेक्शन स्टार्ट' शोधायचं. तिथे मला वेळ मिळाली: संध्याकाळी सहा वाजून बावीस मिनिटं. खालच्या ओळीत ज्या प्रोग्रॅमने हे केलं त्याचा पूर्ण पत्ता होता. तो विंडोज अपडेट नव्हता. एक फुकटचा 'ड्रायव्हर अपडेटर' होता.

अण्णांचा मुलगा डिप्लोमाला आहे. आदल्या दिवशी इंटरनेटवर काहीतरी बघताना "तुमचे इतके ड्रायव्हर जुने झाले आहेत, कॉम्प्युटर धोक्यात आहे" असा लाल चौकोन आला आणि त्याने काळजीपोटी तो प्रोग्रॅम बसवला. पोराला मी एक शब्द बोललो नाही आणि अण्णांनाही बोलू दिलं नाही. अपडेट ठेवा, अपडेट ठेवा हे आपणच सगळीकडे सांगतो, त्याने ते ऐकलं. माझा राग या प्रोग्रॅमांवर आहे. त्यांचा धंदा भीतीवर चालतो. ड्रायव्हरची तारीख जुनी म्हणजे ड्रायव्हर खराब, असं ते दाखवतात. विंडोजबरोबर येणाऱ्या कित्येक ड्रायव्हरांवर तर २००६ सालची तारीख मुद्दाम घातलेली असते, म्हणजे उपकरणाच्या कंपनीचा ड्रायव्हर आला की तो वरचढ ठरावा. त्यालाही हे प्रोग्रॅम 'अतिशय जुना' म्हणून लाल रंगात दाखवतात.

मी अपडेटच्या विरोधात नाही, हे इथे स्पष्ट सांगायला हवं, कारण हा किस्सा ऐकून काहीजण अपडेटच बंद करून टाकतील. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला, तेव्हा त्याची वाट बंद करणारा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा अपडेट, मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलेला होता. ज्यांनी तो घेतला नव्हता त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या फाइली कुलूपबंद झाल्या. सुरक्षेचे अपडेट घ्यायचेच, लवकर घ्यायचे. ड्रायव्हरचं गणित वेगळं आहे. ग्राफिक्स, वाय-फाय, चिपसेटचे ड्रायव्हर त्या-त्या कंपनीकडून घ्यावेत, त्यांच्यातही सुरक्षेच्या त्रुटी निघतात. पण जे उपकरण नीट चालतंय आणि ज्याच्यावर दुसऱ्याचा पैसा मोजला जातो, त्याचा ड्रायव्हर कारण असल्याशिवाय, परतीची वाट हातात असल्याशिवाय आणि संकलनाच्या वेळेत तर कधीच बदलू नये.

परतीची वाट इथे अर्धी बंद होती. आधीच्या ड्रायव्हरवर परत नेणारं 'रोल बॅक' बटण फिकट, कारण अपडेटरने आधीचा ड्रायव्हर काढून मग नवा घातला होता. पण विंडोज जुनी पॅकेजेस स्वतःच्या साठ्यात सहसा ठेवतं. 'ब्राउज'मध्ये जाऊन 'माझ्या कॉम्प्युटरवरच्या यादीतून निवडतो' म्हटलं तर दोन्ही आवृत्त्या दिसल्या. जुनी निवडली, त्रिकोण गेला. तरी फॅट येईना. पोर्टचा नंबर कॉम ३ चा कॉम ७ झाला होता आणि डेअरीच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिले चारच नंबर निवडता येतात. विंडोज जुना नंबर 'वापरात' धरून बसतं. अॅडव्हान्स सेटिंगमध्ये जाऊन तो परत घ्यावा लागतो. तो घेतला, पुट्टी नावाच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये ९६०० च्या वेगावर पोर्ट उघडला, भाच्याने नमुना लावला आणि काळ्या पडद्यावर आकड्यांची ओळ उमटली. मशीनवर तेच आकडे. मग नवं पॅकेज विंडोजच्याच पीएनपीयुटिल या साधनाने साठ्यातून काढलं, अपडेटर काढला, जुना ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर उतरवून घेतला आणि ड्रायव्हर आपोआप घेणं बंद केलं. सुरक्षेचे अपडेट चालू ठेवले.

रांग संपली. मग अण्णांना नोंदींची यादी काढायला सांगितलं.

सहा बावीसच्या आधी सगळं ठीक. शेवटची खरी नोंद ३.९ आणि ८.६. त्यानंतर मावशींपर्यंत तीच. हे सॉफ्टवेअर पोर्ट सतत उघडा ठेवत नाही. प्रत्येक नमुन्याला उघडतं, वाचतं, बंद करतं. पोर्ट उघडला नाही तर त्याने थांबायला हवं, तसा संदेश द्यायला हवा. हे सॉफ्टवेअर ती चूक गिळून टाकतं आणि स्क्रीनवरच्या फॅटच्या चौकटीत आधीच्या माणसाचा आकडा तसाच ठेवतं. सेव्ह झाल्यावर चौकट रिकामी करायची एक ओळ प्रोग्रॅमरने लिहिली नाही. ड्रायव्हर गेला असता आणि चौकट कोरी राहिली असती, तर पहिल्याच किटलीला कळलं असतं. माझ्या लेखी अपडेटरपेक्षा मोठा दोष हा आहे. सॉफ्टवेअर देणाऱ्याला मी तिथूनच फोन लावला. उत्तर आलं, "ड्रायव्हरचा प्रॉब्लेम आमच्याकडे येत नाही." मी चौकटीबद्दल विचारत होतो. त्याने तो प्रश्न ऐकूनच घेतला नाही.

दूध बल्क कूलरमध्ये, म्हणजे थंड करायच्या मोठ्या टाकीत, एकत्र झालेलं. नमुना कुणाचाच शिल्लक नाही. या मशीनला मागच्या आकड्यांची मेमरी नाही. अण्णा म्हणाले, प्रत्येकाची चालू दहा दिवसांची सरासरी लावू. मी म्हटलं, फक्त संध्याकाळचीच घ्या; सकाळी दुधाला मधला वेळ जास्त मिळतो, फॅट कमी लागते, दोन्ही मिसळली तर सगळ्यांचंच कमी निघेल. ते त्यांना लगेच पटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी यादी भिंतीवर लावली. ज्यांना वाढवून मिळणार होतं ते काही बोलले नाहीत. एका उत्पादकाची नेहमीची फॅट ३.३ च्या आसपास. तो म्हणाला, "अण्णा, पावती तुम्हीच दिली. तुमच्या कॉम्प्युटरची चूक मी का भरायची?" मावशी तिथेच होत्या. त्या म्हणाल्या, "मग माझं कमी लागलं ते मी भरायचं होतं का?" दोघांचंही खरं होतं. अण्णांनी कमी लागलेल्यांचा फरक आपल्या कमिशनमधून दिला आणि जास्त लागलेल्यांचं कापलं नाही. दूध संघाने त्यांना पैसे दिले ते टाकीतल्या खऱ्या फॅटवर. म्हणजे फरक सगळा त्यांच्या अंगावर. रक्कम काही फार मोठी नव्हती. पण ज्या माणसाने केबल विकत घेतली, सॉफ्टवेअरचे वर्षाचे पैसे वेळेवर भरले आणि मला लगेच बोलावलं, एवढ्या सगळ्यांतून पैसे त्याच्याच खिशातून गेले. यादी मी काढायला लावली नसती तर त्यांनी मावशींची एक पावती दुरुस्त करून विषय मिटवला असता, असं माझ्या ओळखीच्या एका दुरुस्तीवाल्याचं मत आहे. त्याला वाटतं मी माझ्या कामाच्या बाहेर गेलो. मला तसं वाटत नाही. लॉगमध्ये वेळ दिसल्यावर ती न सांगणं मला जमलं नसतं. तरी अण्णांनी एकट्याने भरलेलं खटकतं.

केबल मी बदलून दिली, पुण्याहून तपकीर गल्लीतून खात्रीची चिप मागवून. आता कुठल्याही डेअरीवर गेलो की निघण्याआधी एक गोष्ट करून बघतो. एक नोंद पूर्ण करायची, अॅनालायझरची केबल उपसायची आणि पुढची नोंद सुरू करायची. काही ठिकाणी चौकट कोरी होते, काही ठिकाणी संदेश येतो. काही ठिकाणी मागच्या माणसाचा आकडा तसाच उभा राहतो आणि पावतीही छापून येते. अशा ठिकाणी मी ती पावती चालकाच्या हातात देतो, मागे तारीख आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती लिहून, आणि तिचा फोटो सॉफ्टवेअरवाल्याला पाठवायला सांगतो. अजून एकाचंही उत्तर आलेलं नाही.