16 वाफ्यांतले 11 या वर्षी बंद केले

घरामागं आमची सांदवाडी आहे, 16 वाफे. टमाटर, वांगे, भेंडे, सांबार (कोथिंबीर), मिरच्या, बरबटी (चवळीच्या शेंगा), मांडवावर दोडके, बाजारातून फक्त कांदे-आलू आणायचो. या वर्षी सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन, त्यासाठी नागपूरच्या चकरा, पोरगी दहावीला, वावरात निंदणाला बाया मिळेना म्हणून मीही तिकडेच, तरी मृगात सवयीनं सगळेच वाफे लावून बसली.

श्रावणात आठ दिवस नागपूरला राहून परत आली तर भेंडे पार जून झालेले (एक दिवसाआड तोडले नाही की संपलं), दोडक्यात आतून जाळी पडलेली, आणि मधात कमरेएवढं गाजरगवत, तेही फुलावर. मला रडूच आलं. सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, "सूनबाई, सगळंच कायले धरून बसतं वं? जेवढं हातात येते तेवढंच ठेव."

पोळा झाल्यावर मग बसून ठरवलं. जे रोज हात मागते ते काढायचं. भेंडे गेले, टमाटर गेले कारण त्याला बांधणी-फवारणी लागते आणि हिवाळ्यात बाजारात तसंही स्वस्त मिळते. ठेवलं काय तर सांबार-मेथीचा एक वाफा, मिरच्या अन् बरबटीचा एकेक आणि वांग्याचे दोन वाफे. वांगे उपटले नाही, जमिनीपासून वीतभर ठेवून छाटले, शेणखत दिलं, महिनाभरात नवीन फुटवा आला. कुंपणावर पोपट (वालाच्या शेंगा) चढवला होता तो तसाच राहू दिला, मुंगना (शेवगा) अन् गोडनिंबाला (कढीपत्ता) तर काही लागतच नाही.

खरी मेहनत बंद केलेल्या वाफ्यांचीच झाली, नुसते सोडून चालत नाही ना, पुढच्या वर्षी नुसतं गवत उगवेल. बी पडायच्या आत गाजरगवत उपटलं, हाताला फडकं बांधून, कारण मला त्याची खाज सुटते. लव्हाळ्याच्या गाठी खुरप्यानं खोदून काढाव्या लागल्या, वरून झाकून तो मरत नाही. मग आठ वाफ्यांवर सोयाबीनचं भिजलेलं कुटार (मळणीनंतरचा भुसा), जे जनावरं तोंड लावत नव्हती ते, चांगलं चार बोटं जाड पसरलं. उरलेल्या तीनमध्ये हिरवळीच्या खतासाठी बोरू (ताग) पेरला आणि फुलं धरायच्या वेळी कापून मातीत दाबला. कापूस वेचणीच्या आधी हे सगळं उरकलं म्हणून बरं, नंतर एक दिवस मिळाला नसता.

आता सकाळी अर्धा तास पुरतो, आधी दीड तास जायचा. परवा सासूबाई वॉकर घेऊन पहिल्यांदा मागच्या दारापर्यंत आल्या, ओट्यावर बसून टोपलीभर पोपट सोलला, आणि मी कुटार सारून पाहिलं तर खालची माती थंड, ओली, दोन गांडूळं वळवळत होती. येत्या मृगात आधी बोरूवाले तीन उघडीन, बाकीचं पोरीचा निकाल लागल्यावर पाहू.