कॉमर्सवाला आणि क्लोरीन-३७

बारावी कॉमर्स, मग बीकॉम. विज्ञानाशी माझा संबंध दहावीच्या निकालाबरोबर संपला होता. राज्यसेवेची तयारी सुरू केल्यावर सामान्य विज्ञानासाठी सगळे करतात तेच केलं, राज्य मंडळाची आठवी ते दहावीची पुस्तकं आणली. जीवशास्त्र वाचून होतं. भौतिकशास्त्रात सूत्र पाठ असलं की निदान गणित तरी सुटतं. गाडी रुतली ती अणूच्या धड्यात. समस्थानिकांची (प्रोटॉन तेवढेच, न्यूट्रॉन कमीजास्त असलेले अणू) व्याख्या पाठ, आयनाची (इलेक्ट्रॉन येऊन किंवा जाऊन प्रभार आलेला अणू) पाठ, पण ‘क्लोराइड आयनात न्यूट्रॉन किती’ असं कुणी विचारलं की डोकं बंद.

माझ्या मते दोष मांडणीचाही होता. क्लासच्या नोट्समध्ये समस्थानिक, समभारी, आयन, अपरूपं असं सगळं एकाच तक्त्यात, एकाखाली एक कोंबलेलं. ते वाचून असं वाटतं की अणू एकतर समस्थानिक असतो, नाहीतर आयन, नाहीतर ‘साधा’. आणि साधा क्लोरीन म्हणजे ३५ वाला (हा आकडा प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांची बेरीज), ३७ वाला कुणीतरी पाहुणा. असा साधा कुणी नसतोच. ३५ आणि ३७ एकमेकांचे समस्थानिक, दोघंही तितकेच क्लोरीन.

रूममेट बीएस्सी केमिस्ट्रीचा. तो म्हणाला, “व्याख्या ठेव बाजूला. पाठकोऱ्या कागदावर तीन रकाने आख, प्रोटॉन, न्यूट्रॉन, इलेक्ट्रॉन. नाव पहिल्या रकान्यावरून, वस्तुमानांक पहिल्या दोघांच्या बेरजेवरून, प्रभार पहिल्या आणि तिसऱ्याच्या फरकावरून. याच्या बाहेरचं काही तुला विचारणार नाहीत.”

मी लिहीत गेलो. क्लोरीन-३५: १७, १८, १७. क्लोरीन-३७: १७, २०, १७. मग ३५ चा क्लोराइड, म्हणजे एक इलेक्ट्रॉन जास्त घेतलेला क्लोरीन: १७, १८, १८. माझा गोंधळ नेमका या ओळीत लपला होता. १८ न्यूट्रॉन आणि १८ इलेक्ट्रॉन हा निव्वळ योगायोग, पण वाचताना वाटायचं की वाढलेला इलेक्ट्रॉन आणि न्यूट्रॉन यांचं काही साटंलोटं आहे. “आता ३७ चा क्लोराइड लिही,” तो म्हणाला. १७, २०, १८. म्हणजे एकच कण समस्थानिकही आणि आयनही. घरातल्या मिठात दोन्ही प्रकारचे क्लोराइड असतात, साधारण चारातले तीन ३५ चे आणि एक ३७ चा. सोडियम मात्र निसर्गात सगळा २३ चाच.

चिन्हाचं कोडं कॉमर्समुळे सुटलं. इलेक्ट्रॉन वाढला तर प्रभार उणे कसा, हे मला पटत नव्हतं. इलेक्ट्रॉनला कर्ज धरलं आणि हिशेब बसला. कर्ज वाढलं की शिल्लक उण्यात जाते, फिटलं की अधिकात. सोडियमने एक इलेक्ट्रॉन दिला, ११ प्रोटॉन, १० इलेक्ट्रॉन, अधिक एक.

३५.५ बद्दलही तसंच. पुस्तकात क्लोरीनचं अणुवस्तुमान ३५.५ दिसलं की मनात यायचं, अर्धा न्यूट्रॉन आला कुठून? ही भारित सरासरी आहे हे कुणी आधी सांगितलं असतं तर! ३५ चं प्रमाण सुमारे ७५.८ टक्के, ३७ चं २४.२. गुणून बेरीज केली की ३५.४८ येतं. अचूक आकडा ३५.४५ आहे, कारण या दोन अणूंची खरी वस्तुमानं ३५ आणि ३७ पेक्षा किंचित कमी भरतात. एकट्या अणूचं वस्तुमान ३५.५ कधीच नसतं.

हे वजन केलं कुणी? केंब्रिजमध्ये फ्रान्सिस अ‍ॅस्टनने १९१९ मध्ये वस्तुमान वर्णपटलेखक बांधला आणि निऑन, क्लोरीन अशा मूलद्रव्यांचे समस्थानिक वेगळे करून दाखवले. १९२२ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याला मिळालं. मला मजा वाटली ती पद्धतीची. विद्युत आणि चुंबकीय क्षेत्र प्रभार नसलेल्या अणूला वळवू शकत नाही. म्हणून आधी अणूचा आयन करायचा, मग तो किती वळतो यावरून वस्तुमान काढायचं. नोट्समध्ये एकाखाली एक छापलेल्या समस्थानिक आणि आयन या दोन गोष्टींचं नातं असं होतं, आणि ते कुठल्याच नोट्समध्ये नव्हतं.

बाकी शंका आयोडीनने मिटवल्या. मावशीला थायरॉइडसाठी आयोडीन-१३१ दिलं होतं. आपल्या आहारातलं आयोडीन १२७ चं, ५३ प्रोटॉन आणि ७४ न्यूट्रॉन. औषधातल्यात ७८ न्यूट्रॉन, आणि ते दिलं जातं सोडियम आयोडाइड म्हणून, म्हणजे ५४ इलेक्ट्रॉनांचा आयन. थायरॉइड ग्रंथीला यातला फरक कळतच नाही, कारण रासायनिक वागणूक इलेक्ट्रॉन ठरवतात आणि ते दोन्हीकडे सारखेच. ग्रंथी नेहमीसारखं आयोडाइड ओढून घेते आणि किरणोत्सार तिथेच काम करतो. अर्धायुष्य, म्हणजे त्यातले निम्मे अणू विघटित व्हायला लागणारा काळ, सुमारे ८ दिवस.

पुढे खरी कसोटी लागली. आयोडीन-१३१ मधून बीटा कण, म्हणजे इलेक्ट्रॉनच, बाहेर पडतो. मग हाही आयनच झाला का? नाही. आयन होताना इलेक्ट्रॉन बाहेरच्या कवचातून जातो किंवा तिथे येतो. हा केंद्रकातून येतो, एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होताना. ५३ चे ५४ झाले की नाव बदललं, झेनॉन. रकान्यात ५३, ७८, ५४ ची ओळ ५४, ७७, ५४ झाली. उणे प्रभाराचा आयन होता, हिशेबाने उदासीन अणू उरला. ही ओळ मी दोनदा तपासली, मग रूममेटला दाखवली. त्याने नुसती मान डोलावली, चहाला चल म्हणाला.

‘समस्थानिकांचे रासायनिक गुणधर्म सारखे’ हे विधान हायड्रोजनपाशी थोडं सैल धरावं लागतं. ड्युटेरियममध्ये, म्हणजे हायड्रोजनच्याच जड समस्थानिकात, एक न्यूट्रॉन वाढला की वस्तुमान जवळपास दुप्पट होतं, त्यामुळे वागण्यात फरक जाणवतो. अलिबागजवळ थळच्या जड पाण्याच्या (ड्युटेरियमवाल्या पाण्याच्या) प्रकल्पात याच फरकाचा उपयोग होतो: हायड्रोजन वायू आणि द्रव अमोनिया यांच्यात ड्युटेरियमची अदलाबदल घडवून त्याचं प्रमाण वाढवत नेतात. हायड्रोजन आयनाची ओळ लिहून बघा, १, ०, ०. ड्युटेरियमच्या आयनाची १, १, ०. रकाने जमले की समभारी, म्हणजे वस्तुमानांक सारखा पण मूलद्रव्य वेगळं असलेले अणू, वेगळे पाठ करायला लागत नाहीत. आर्गॉन-४०, पोटॅशियम-४० आणि कॅल्शियम-४०, पहिल्या दोन रकान्यांची बेरीज तिन्हीकडे ४०.