शाळा सुटल्यावरचा वर्ग : माणसं कुठून आणायची?

महापालिकेच्या शाळेत संध्याकाळचा वर्ग काढायचा म्हटलं की चर्चा पुस्तकांपासून सुरू होते. आज पुन्हा तेच झालं. अडतं मात्र माणसांपाशी.

हिशेब साधा आहे. १५ ते २० मुलांमागे शिकवणारी एक ताई, आणि तीन गटांमागे एक राखीव. पैसे वाचवायला ही राखीव ताईच आधी गाळतात. मग एखादीची परीक्षा आली, घरात आजारपण निघालं की गट बंद. आठवडाभर बंद राहिलेला गट पुन्हा भरणं महाकठीण.

मुंबईत ‘प्रथम’ या शिक्षणसंस्थेच्या बालसखी, म्हणजे मागे पडलेल्या मुलांना शिकवणाऱ्या ताई, वस्तीतल्याच तरुण मुली होत्या. त्यांचे वर्ग मात्र शाळेच्या वेळेतच, रोज साधारण दोन तास. वस्तीतली ताई असली की गैरहजर मुलाच्या दारात ती सहज जाऊ शकते.

गट इयत्तेवर पाडू नका. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा वाचनाच्या पातळ्या लावा. पाचवीतला मुलगा ‘पाणी’ सरळ वाचतो आणि ‘पुस्तक’मधल्या ‘स्त’ला अडतो. त्याला आधी जोडाक्षरं द्या, धडा नंतर.

दोन पाळ्यांच्या शाळेत सकाळची मुलं सुटतात तेव्हा वर्गात दुपारची बसलेली असतात. जागा आणि किल्ली कुणाकडे, हे मुख्याध्यापकांकडून लेखी घ्या. (शिपाईमामांना विसरलात तर कुलूप उघडत नाही!) पाचच्या सुमाराला मुलं भुकेली असतात, तेव्हा पहिली दहा मिनिटं चणे-गूळ. थंडीत अंधार लवकर पडतो, मुलींची गळती तिथेच सुरू होते. त्या महिन्यांत वर्ग अर्धा तास आधी सोडा. आणि मानधन दर महिन्याला ठरल्या तारखेला, नाहीतर ताई दिवाळीनंतर दिसत नाहीत.