पाणी येण्याआधीचा वेळ

बँकेत नोकरी करीत होते तोवर माझे सारे लेखन पहाटे पाच ते सव्वासहा या वेळात झाले. सव्वासहाला नळाला पाणी येई. त्याआधी नळातून हवेचा फुरफुर आवाज येत असे आणि तो कानावर पडला, की हातातले वाक्य जसे असेल तसे टाकून पिंप भरायला उठावे लागे. त्या काळी मला या नळाचा फार राग यायचा. थोडी सवड मिळाली तर आपण किती आणि काय काय लिहू, याचे मनोरे मी बसमध्ये बसून रोज रचीत असे.

साठाव्या वर्षी निवृत्त झाले आणि सवड मिळाली. तोवर इमारतीत चोवीस तास पाणीही आले होते. मी खिडकीशी टेबल मांडले, जाड पुठ्ठ्याची एक सुरेख वही आणली आणि त्या वहीत चौदा महिने एक अक्षरही लिहिले नाही. सकाळ दुपारवर, दुपार संध्याकाळवर ढकलली जाई. कोणी विचारले, तर ‘सध्या काही सुचत नाही’ असे मी सांगे आणि ऐकणाराही समजूतदारपणे मान हलवी. या ‘सुचत नाही’ला आपल्याकडे जरा जास्तच प्रतिष्ठा आहे, असे मला आता वाटते. पोळ्या करणाऱ्या बाईला आज पोळ्या सुचत नाहीत, असे म्हणायची सोय नसते.

सुटका झाली ती एका संपादकांच्या दूरध्वनीमुळे. १९०९ साली ‘मनोरंजन’च्या काशीनाथ रघुनाथ मित्रांनी मराठीतला पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपल्याकडे फराळाबरोबर वाचायचे साहित्य ऐन पावसाळ्यात लिहून द्यावे लागते, कारण जुळणी, मुद्रिते, चित्रे आणि जाहिराती यांत पुढचे महिने कधी सरतात ते कळत नाही. ‘ताई, कल्हईवर दोन हजार शब्द द्या, आषाढ संपायच्या आत,’ एवढेच ते बोलले. मीही हो म्हणून बसले.

पहिल्या चार दिवसांत मी चार पाने लिहिली. त्यांत लहानपणीचे अंगण होते, आजी होती, पितळी पातेली होती आणि ‘कल्हईऽऽ’ अशी लांबलेली आरोळीही होती. वाचून पाहिले तेव्हा ध्यानात आले, की असे अंगण मी निदान दहा दिवाळी अंकांत वाचले आहे. पाने फाडली, माळ्यावरून दोन पितळी पातेली काढली आणि सांगलीच्या गणपती पेठेच्या बाजूला कल्हईवाला कोठे बसतो, याची चौकशी करत निघाले.

तो एका बोळाच्या तोंडाशी बसला होता. जमिनीत वीतभर खोल खड्डा, त्यात कोळसे आणि शेजारी हाताने फिरवायचा पंखा. भात्याची धडधड ऐकायला मिळेल अशी माझी कल्पना होती. ती तेथेच मोडली. वाळूने घासलेले पातेले त्याने सांडशीत धरून विस्तवावर फिरवायला घेतले. मी वाकून पाहू लागले, तसे तो म्हणाला, ‘मावशी, मागं सरा, धूर डोळ्यांत जाईल.’ मग कापसाच्या बोळ्यावर नवसागराची पूड घेऊन त्याने ती आत फिरवली, पांढरा, नाकात झोंबणारा धूर उठला आणि त्या धुरातच त्याने कथलाची कांडी पातेल्याच्या तळाला नुसती टेकवली. कथील २३२ अंशांना वितळते, हे मी नंतर पुस्तकात पाहिले. त्याच्यापाशी मापक नव्हता, तो केवळ पितळेच्या बदलत्या रंगाकडे पाहत होता. ‘कमी तापलं तर गोळे धरतं, जास्त तापलं तर काळं पडतं,’ असे म्हणता म्हणता त्याने बोळा गरकन फिरवला आणि त्यामागून पांढरी चकाकी कडेपर्यंत धावत गेली. त्यानंतर पातेले पाण्यात बुडाल्याचा चर्र आवाज आला.

‘मनालाही अधूनमधून कल्हई लावावी लागते’ असे वाक्य घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात तयार झाले होते. ते लेखात आले नाही, याचा मला अजूनही अभिमान आहे. लेख मात्र तीन सकाळींत झाला. तोही त्या सुरेख वहीत नव्हे, तर पाठकोऱ्या कागदांवर, कारण त्यांवर खाडाखोड करताना जीव कचरत नाही.

तारखेच्या या धाकाचा विचार करताना मला हरिभाऊ आपटे आठवतात. १८९० साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षाच्या सुमारास, त्यांनी पुण्यात ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी त्यातून क्रमाक्रमाने छापली. दर आठवड्याला अंक निघायचा, म्हणजे यमूची पुढची हकिगत लिहायला हवी. त्या आठवड्यात घरात कोणी आजारी असो की लेखकाचे मन उदास असो. या घाईने त्यांचे लेखन कोठे कोठे पाल्हाळिक झाले, हे खरेच आहे. काही कादंबऱ्या तर अपुऱ्याच राहिल्या. तरीही एक परिपूर्ण प्रकरण लिहीपर्यंत थांबलेल्या हरिभाऊंपेक्षा हे आठवड्याला बांधलेले हरिभाऊ मला पुष्कळ जवळचे वाटतात.

हल्ली मी पाच वाजता बसते आणि सव्वासहाचा गजर लावून ठेवते. संपादकांची मागणी नसेल, तेव्हा धाकट्या बहिणीला तारीख देते. ती त्या दिवशी न चुकता ‘अक्का, झालं का?’ म्हणून विचारते आणि तिला थाप मारणे मला आजवर जमलेले नाही. गजर वाजला, की वाक्य संपलेले नसले तरी लेखणी खाली ठेवते. पूर्वी ती नळाची सक्ती होती, आता मी ते मुद्दाम करते, कारण दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदाऐवजी अर्धे वाक्य समोर येते. आजचे वाक्य ‘आईच्या पानाच्या डब्यात चुन्याच्या डबीखाली’ एवढ्यावर थांबले आहे.