तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्या मित्रांत लेपरच का?

आमच्या वाचनगटात अकरावी-बारावीची मुलं असतात आणि जॉन नोल्सची ‘अ सेपरेट पीस’ ही कादंबरी मी त्यांच्याबरोबर आवर्जून वाचते. ती संपली की कुणी ना कुणी मला एक प्रश्न हमखास विचारतं. कधी मुलं विचारतात, कधी मुलांचे आईवडील. गोष्ट जीन आणि फिनी या दोन मित्रांची आहे, मग तुम्ही त्या लेपरपाशी एवढ्या का रेंगाळता? तो येतो किती आणि बोलतो किती!

येतो थोडा, बोलतो त्याहून थोडं, हे खरंच आहे. पण या पुस्तकात एक तार आहे. ती लेपरने जीनला पाठवलेली आहे आणि तिच्याखाली नावाआधी लिहिलंय, ‘तुझा सर्वांत जवळचा मित्र’. तोवर आपण अर्ध्याहून जास्त पुस्तक जीनच्या डोळ्यांनी वाचलेलं असतं. जीन लेपरला इतकं जवळचं मानतो, असं त्यात एकदाही दिसलेलं नसतं. जीनचा जिवलग फिनी. लेपरचा जिवलग मात्र जीन. मैत्रीवरच्या गोष्टी बहुतेक वेळा दोन्ही बाजूंनी जुळलेल्या जोडीवर लिहिल्या जातात. ज्याने आपल्याला जिवाभावाचं मानलं आणि ज्याची आपण गणतीच केली नाही, त्याची ही गोष्ट आहे, म्हणून मी तिथे थांबते.

ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कादंबरी 1959 साली आधी इंग्लंडमध्ये आली आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत. न्यू हॅम्पशायर राज्यातली डेव्हन नावाची मुलांची निवासी शाळा, 1942 चा उन्हाळा, बाहेर महायुद्ध. नोल्स स्वतः तिथल्याच फिलिप्स एक्झीटर अकादमीत शिकले, डेव्हन ही तिचीच प्रतिमा. जीन अभ्यासू, फिनी सगळ्या खेळांत पहिला. नदीकाठी एक उंच झाड आहे, त्याच्या फांदीवरून पाण्यात उडी मारायची हा फिनीचा खेळ. एका संध्याकाळी दोघं फांदीवर असताना जीन गुडघे वाकवतो, फांदी हलते आणि फिनी खाली पडतो. पायाचा चुरा होतो. जीनने हे मुद्दाम केलं का, हा प्रश्न सगळ्या पुस्तकाला पुरून उरतो.

लेपर म्हणजे एल्विन लेपेलियर, त्यांच्याच वर्गातला. झाडावरून पहिल्यांदा उड्या मारायची वेळ येते तेव्हा फिनी मारतो, जीन मारतो, बाकीचे तिघं नाही म्हणतात. त्या तिघांत लेपर आहे. पुढे फिनी एक नवा खेळ शोधून काढतो, ब्लिट्झबॉल. त्यात ज्याच्या हाती चेंडू तो सगळ्यांचा शत्रू. एकदा चेंडू लेपरकडे येतो. तो आपल्याच तंद्रीत असतो आणि चेंडू घ्यायचंच नाकारतो. फिनी तिथल्या तिथे त्याचाही नियम करतो आणि त्या डावाला लेपरचंच नाव देऊन टाकतो: लेपेलियर नकार. वाचताना मुलं इथे हसतात, आणि प्रसंग हसण्याजोगा आहेही. पण मला यात फिनीचा मोठेपणा दिसतो. ज्या मुलाला खेळायचं नाही, त्याचं न खेळणंसुद्धा त्याने खेळात सामावून घेतलं. त्याला कुणी बाहेर काढलं नाही की ओढून आतही आणलं नाही. गटातल्या अबोल मुलाशी कसं वागावं, याचं याहून चांगलं उदाहरण मला कुठल्या पुस्तकात सापडलेलं नाही.

हिवाळ्यात जीनला लेपर भेटतो तो बर्फात, लांब लाकडी स्की पायांना बांधून एकटाच निघालेला. त्या दिवशी बाकीची मुलं रेल्वेच्या रुळांवरचा बर्फ उपसायला जाणार असतात, कारण युद्धामुळे कामाला माणसं नाहीत. लेपर निघालाय नदीच्या वरच्या अंगाला, बीव्हरने बांधलेलं धरण शोधायला. जाता जाता तो जीनला सांगतो की हल्ली लोकांनी स्कीइंगची वाट लावली, डोंगरावरून सुसाट खाली यायचं एवढंच त्यांना कळतं, वाटेतलं एक झाड दिसत नाही. आपण कुठून जातोय ते बघत जायचं, हे त्याचं म्हणणं. या परिच्छेदावर मी मुलांना नेहमी थांबवते. लेपर गप्प असतो तेव्हा त्याचं डोकं रिकामं नसतं, तो बघत असतो. फांदीवर त्या संध्याकाळी काय झालं, हे पुढे तोच सांगू शकतो, कारण तोच नीट बघणारा होता.

रुळांवरचा बर्फ उपसून आल्यावर, त्या संध्याकाळी वर्गाचा पुढारी ब्रिंकर गाजावाजा करून जाहीर करतो की मी सैन्यात भरती होणार. तो होत नाही. भरती होतो लेपर. सैन्याच्या स्की पथकाचा एक माणूस शाळेत येऊन फिल्म दाखवतो: पांढऱ्या गणवेशातले जवान, स्वच्छ उतार, आवाज नाही, रक्त नाही. अमेरिकेत तेव्हा खरोखरच अशी पथकं उभी राहत होती, पुढे टेन्थ माउंटन डिव्हिजन म्हणून ती इटलीत लढली. लेपरला वाटतं, हे युद्ध आपल्याला जमेल, यात आपलं बर्फ आहे. घरातल्या माशीलासुद्धा काळाप्रमाणे बदलावं लागतं, नाहीतर ती नाहीशी होते, असा विचार तो करतो आणि जातो. तो गेल्यावर मुलं त्याच्या पराक्रमाच्या गप्पा ठोकतात. युद्धात कुठेही चांगली बातमी आली की ती लेपरचीच करामत! या गप्पांत फिनी भाग घेत नाही. लेपर खरोखर कसा आहे याची चौकशी कुणीच करत नाही, आणि ती न करण्यात दुष्टावा नाही म्हणूनच ते पान वाचवत नाही. एखाद्याविषयी भरभरून बोलत असतानाही त्याची आठवण कुणालाच नाही, असं होऊ शकतं.

मग ती तार येते, मुलांनी उभारलेल्या बर्फातल्या जत्रेत, सगळे मजेत असताना. मी निसटलोय, मदत हवी आहे, तू लगेच ये. जीन रात्रीचा प्रवास करून व्हरमाँटमधल्या लेपरच्या घरी पोचतो. लेपर त्याला जेवणाच्या खोलीत बसवतो. तो दिवसभर तिथेच असतो, कारण त्या खोलीत पुढे काय होणार हे माहीत असतं: तीन वेळा जेवण येणार. वाचनात या वाक्याला पोचलो की गट एकदम शांत होतो. ज्या मुलाला सगळं रान बघायचं होतं, त्याला आता एकाच खोलीचा भरवसा उरलाय.

छावणीत त्याला भास व्हायला लागले होते. माणसांचे चेहरे बदलायचे, खुर्चीच्या हातांचे खरे हात व्हायचे. सैन्य त्याला ‘सेक्शन एट’खाली, म्हणजे मन ठिकाणावर नाही असा शिक्का मारून, घरी पाठवणार होतं. हा शिक्का बसला की जन्मात कुणी नोकरी देत नाही, हे लेपर अगदी व्यवहारी स्वरात जीनला समजावून सांगतो. म्हणून शिक्का बसायच्या आत तो पळून आला. बोलता बोलता तो जीनला तोंडावर सांगतो की तू आतून कायमच रानटी होतास, फिनीला तूच पाडलंस. जीन त्याची खुर्ची लाथेने उलटी करतो. तरी जेवायला थांबतो. जेवणानंतर दोघं बर्फातून चालायला जातात. लेपर छावणीतलं एकेक सांगू लागतो आणि जीनला ते ऐकवत नाही. मला काय त्याचं, असं ओरडून तो पळत सुटतो. ‘सर्वांत जवळचा मित्र’ म्हणून बोलावलेला माणूस पुरतं ऐकूनसुद्धा घेत नाही. माझ्या मते पुस्तकातला हा सगळ्यात जड प्रसंग आहे, झाडावरच्या प्रसंगाहूनही जड. फांदी हलली ती क्षणात. इथे जीनला विचार करायला सबंध दुपार मिळाली होती.

एक आक्षेप मात्र मला मान्य आहे. शेवटी ब्रिंकर रात्री सगळ्यांना जमवून फिनीच्या अपघाताचा खटला चालवतो आणि लेपरला साक्षीला बोलावतो. तेव्हा लेपर गोड वागत नाही. फांदीवरच्या दोन आकृत्यांमागे सूर्य होता, त्या इंजिनातल्या दट्ट्यांसारख्या हलल्या, आधी एक खाली गेली मग दुसरी, हे तो सांगतो. पण कोण कुठे होतं ते सांगायला नकार देतो, तुमच्या सोयीसाठी मी का सांगू म्हणून. एका मुलीने मला विचारलं होतं, हा लेपर पहिल्यासारखा भला राहिला नाही ना? नाही राहिला. त्याच्याशी जे झालं त्यानंतरही त्याने भलंच राहावं, अशी अपेक्षा मी करत नाही. नोल्सनेही केली नाही, आणि त्यांचा हा खरेपणा मला फार मोलाचा वाटतो. त्या साक्षीनंतर फिनी तडक बाहेर पडतो, संगमरवरी जिन्यावरून कोसळतो, आणि पुढे पाय बसवताना शस्त्रक्रियेत दगावतो. युद्ध वगैरे काही नाहीच, असं महिनोन्‌महिने म्हणत आलेल्या फिनीला युद्ध खरं वाटू लागतं तेही लेपरची अवस्था ऐकून. एवढं सगळं ज्याच्यावर फिरतं, त्या मुलाचं पुढे काय झालं हे पुस्तक सांगत नाही. जीनही फारसं विचारत नाही.

तुम्ही पुन्हा वाचणार असाल तर चौथं प्रकरण जरा सावकाश वाचा. जीन फ्रेंचच्या परीक्षेचा अभ्यास करत बसलाय, फिनी येऊन सांगतो की चल, आज लेपर उडी मारणार आहे. जीनला वाटतं, आपला अभ्यास बुडवायला फिनीनेच हा घाट घातलाय. तो चिडून उठतो आणि नदीवर जातो. पुढे जे घडतं ते सगळ्यांना पाठ असतं, जमलेली मंडळी खरं तर कुणासाठी जमली होती तेवढं विसरायला होतं. आजवर नाही म्हणत आलेला लेपर त्या दिवशी हो म्हणून झाडाखाली येऊन उभा होता.