जागलीचं मचाण दोनदा बांधलं, माझा अनुभव

मामांचं शेत सिंदेवाही तालुक्यात आहे, जंगलाला अगदी लागून, मध्ये फक्त एक बोडी, म्हणजे छोटं तळं, आणि झुडपांची एक पट्टी. धानाच्या आठ बांध्या, म्हणजे बांध घातलेले वाफे, आणि धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या कडेच्या बांधावर, थोडी तूर. धान दुधावर आला की रानडुकरं येणारच, आणि ती खातात त्यापेक्षा लोळवतात जास्त, एका रात्रीत अख्खी बांधी आडवी. म्हणून जागल, म्हणजे रात्रभर जागून पिकाची राखण, करावी लागते. आधी मामा पाळीवर खाट टाकून शेकोटी पेटवून बसायचे पण आता आमच्याकडे वाघाची परिस्थिती काय आहे ते चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोणालाही विचारा, जमिनीवर बसलेला वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटतच नाही असं वनखात्याचे लोकपण सांगतात. काही जण कुंपणाच्या तारेत लाइटीचा करंट सोडतात, तो तर गुन्हा आहेच पण त्यात माणसंपण मरतात, शेजारचाच कोणीतरी पहाटे पाणी पाहायला जातो आणि संपतो. मामांना ते कधीच करायचं नव्हतं. मग ठरलं, झाडावर मचाण बांधायचं. मी नागपूरहून आठ दिवसांची सुट्टी काढून गेलो.

मचाण म्हणजे काय ते मला माहीत आहे असं मला वाटत होतं कारण एका बुद्ध पौर्णिमेला मी पाणवठ्यावरच्या मचाणीवर रात्रभर बसलो होतो, वनखात्याचा तो निसर्गानुभवाचा कार्यक्रम असतो ना, तो. पण तयार मचाणीवर बसणं आणि स्वतः बांधणं यात किती फरक आहे ते पहिल्याच दिवशी कळलं.

झाड निवडण्यातच एक दिवस गेला. मला धुऱ्यावरचा मोह आवडला होता, जुना, जाड, बारा फुटांवर मस्त दुबेळकं, म्हणजे दोन फांद्या फुटतात ती जागा. मामा म्हणाले, "बापू, मोहावर बांधू नोको. फुलं गळाले लागली का अस्वल येते तिथं, अन् अस्वल झाडावर चढते." हे माझ्या डोक्यातच नव्हतं. जांभूळ होतं पण जांभळाची फांदी ठिसूळ, न सांगता मोडते. पळस वाकडातिकडा. शेवटी बोडीच्या बाजूचा येन घेतला, पुस्तकात ज्याला ऐन म्हणतात तो, मगरीच्या पाठीसारखी साल असते बघा. खोड सरळ, अकरा फुटांवर दोन जाड फांद्या फुटलेल्या, वाळकी फांदी वर एकही नाही. वर वाळकी फांदी आहे का हे आधी बघायचं, रात्री वाऱ्यानं तीच डोक्यावर पडते. आणि दिवसा एकदा चढून लाल मुंग्यांचं घरटं आहे का तेपण बघायचं, येनावर ती हमखास असतात.

जागा कशी ठरवली हे सांगायला मला खूप आवडतं. आजोबांच्या काळात साहेबलोकांची शिकार चालायची, ताडोब्यात 1935 मध्येच शिकार बंद झाली पण बाहेर चालूच होती, आणि 1972 च्या कायद्यानं सगळीकडे बंद झाली. आजोबा हाकाऱ्यांना मचाणी बांधू लागायचे. त्यांच्याकडून मामांनी ऐकलेलं असं की शिकारीचं मचाण अशा बाजूला बांधायचं की वारा जनावराकडून आपल्याकडे यावा, म्हणजे आपला वास त्याला जाणार नाही. जागलीचं बरोबर उलटं. आपल्याला डुक्कर मारायचं नाही, येऊच द्यायचं नाही, मग आपला वास, विडीचा वास, दिव्याचा उजेड सगळं त्याच्या वाटेवर गेलं पाहिजे. डुकराला दिसतं कमी पण नाक फार तेज. म्हणून आम्ही दोन दिवस बोडीच्या काठचे खूर आणि उकरलेली माती बघत फिरलो, कुठून घुसतात ते शोधलं, रात्री थंड हवा उताराला बोडीकडे सरकते हेपण बघितलं (मामांनी नुसता धूर करून दाखवलं), आणि त्या वाटेच्या वरच्या अंगाला येनाचं झाड येत होतं.

आता लाकूड. सागाच्या बल्ल्या सगळ्यात चांगल्या पण साग स्वतःच्या शेतातला असला तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही, त्या भानगडीत पडलो नाही. बांबूचं बरं आहे, 2017 मध्ये कायदा बदलल्यापासून जंगलाबाहेरचा बांबू झाडात धरत नाहीत. मामांच्या परसात मानवेलाचं बेट आहे, मानवेल म्हणजे आतून जवळपास भरीव असतो तो बांबू, वजन घेतो. आम्ही तिथले बारा बांबू तोडले आणि त्याच दिवशी वापरायला घेतले. हीच चूक झाली. सप्टेंबर होता, ओला हिरवा बांबू, आणि आम्ही तो खिळे ठोकून आणि सळई बांधायच्या तारेनं आवळून बसवला. तार झाडाच्या सालीभोवतीपण गच्च पिळली. दोन दिवसात काम झालं, दिसायलापण एकदम मजबूत, मी फोटो काढून घरी पाठवले आणि नागपूरला परत आलो.

सतराव्या दिवशी मामींचा फोन आला. पहाटे उतरताना पुढची आडवी बल्ली घसरली आणि मामांचा पाय खाली गेला, हातानं फांदी पकडली म्हणून वाचले, मनगट मुरगळलं आणि मांडी सोलपटली. मी त्याच रात्री गाडी धरली. वर चढून बघितलं तर सगळं समजलं. हिरवा बांबू वाळला की आकसतो, त्यामुळे तारेचे सगळे फास बोटभर ढिले झालेले. जिथं जिथं खिळा ठोकला तिथं बांबू उभा चिरला होता. पावसाळ्यात तोडलेल्या बांबूत गोडवा जास्त असतो म्हणून भुंगा लागतो, पेरापेराला पिवळी भुकटी पडायला लागली होती. आणि चौथी गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली, मचाणीच्या दोन बाजू झाडावर होत्या आणि दोन बाजू जमिनीत गाडलेल्या खांबांवर. झाड वाऱ्यानं हलतं, खांब हलत नाही. ओढाताण होऊन होऊन तोच सांधा सुटला होता. मामा एक शब्द बोलले नाहीत, पण मला झोप लागली नाही.

सगळं खाली उतरवलं आणि पहिल्यापासून बांधलं, यावेळी पाच दिवस लागले. गोठ्याच्या माळ्यावर मामांनी मागच्या थंडीत तोडलेले मानवेल ठेवले होते, तीन आठवडे बोडीच्या पाण्यात बुडवून मग सावलीत वाळवलेले, ठोकले की टणटण वाजत होते. तेच घेतले. खिळा एकही नाही. सगळी बांधणी दोरीची, आतून नारळाचा काथ्या कारण तो घसरत नाही, वरून दहा एमएमची नायलॉन. नुसती नायलॉन गुळगुळीत बांबूवर सरकते. बांधायची पद्धत गावातल्या एका म्हाताऱ्या बुरूड काकांनी शिकवली, आधी चौकोनात चार वेढे, मग दोन बांबूंच्या मधून आडवे तीन वेढे घालून पिळायचं, ते आडवे वेढेच खरं काम करतात, त्यांनीच वरचे वेढे आवळले जातात. गाठ पेराच्या लगेच खाली घ्यायची म्हणजे सरकली तरी पेरावर अडकते. माझे दोन्ही तळवे सोलले होते पण त्यांच्या हाताखाली शिकलो याचा मला खरंच आनंद आहे.

झाडाकडच्या दोन मुख्य बल्ल्या आता दुबेळक्यात नुसत्या टेकवल्या, खाली पोत्याच्या चार घड्या, आणि दोरी थोडी सैल, म्हणजे झाड हललं तर बल्ली पोत्यावर सरकेल पण निघणार नाही. बल्लीचं टोक फांदीच्या पलीकडे चांगलं दीड फूट बाहेर ठेवलं. खांब दोन फूट खोल गाडले, बुडाला डांबर, आणि दोन खांबांमध्ये तिरप्या काठ्या कैचीसारख्या, पहिल्या वेळी त्या नव्हत्याच. वर सहा बाय चारची जागा. त्यावर बोटभर अंतरानं बांबू आणि त्यावर बुरूड काकांनी विणलेली तट्टी. आजूबाजूला तीन फुटी कठडा. तणस, म्हणजे धानाचा वाळका पेंढा, अंथरलं की छान मऊ होतं पण तणस आणि आग एकत्र नको, म्हणून शेकोटी आणि विडी दोन्ही खालीच, हा नियम मामांकडून कबूल करून घेतला.

शिडीबद्दल थोडं जास्त सांगतो कारण माणूस वर बसलेला असताना कमी पडतो, चढता उतरताना पडतो. मामांचंपण तसंच झालं. शिडी मचाणीच्या वर तीन फूट काढली म्हणजे पाय टेकवताना हाताला धरायला मिळतं. हातात काही घेऊन चढायचं नाही, टॉर्च, डब्बा, पाण्याची बाटली सगळं थैलीत घालून नंतर दोरीनं वर ओढायचं. बांधकामावर वापरतात तो छाती आणि मांड्यांना पट्टे असलेला सेफ्टी बेल्ट मी नागपूरहून आणला. कमरेला नुसती दोरी बांधणं चुकीचं आहे, पडलो तर तीच पोटात रुतते आणि श्वास कोंडतो. बेल्टाची दोरी डोक्याच्या वरच्या उंचीवर खोडाला, आणि लांबी इतकीच की बसता येईल. मामा दोन दिवस कुरकुरले, मग मामींनी सांगितलं की बेल्ट नाही तर जागल नाही, विषय संपला.

बसायच्या आधी वजन घालून बघितलं. धानाची चार पोती, साधारण तीनशे किलो, म्हणजे आम्हा दोघांच्या दुपटीनं, दोरीनं एकेक वर चढवली आणि रात्रभर तशीच ठेवली. सकाळी प्रत्येक गाठीला हात लावून बघितला, दोन गाठी परत आवळल्या. त्यानंतर दर रविवारी मामा सगळ्या गाठी तपासायचे, काथ्या उन्हानं पावसानं बदलत राहतो.

पहिल्या रात्री मी मामांसोबत होतो. साडेबाराला झुडपात खसखस झाली, मामांनी टिनाचा डब्बा वाजवला नाही, थांब म्हणाले. पाच मिनिटं काहीच नाही, मग जोरात फुस्स असा आवाज आणि कळप परत जंगलाकडे पळाला, आमचा वास लागला होता. मामा अंधारात माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "पायलं का, बापू? जागा बरोबर हाय." त्या हंगामात दोन बांध्यांचं थोडं नुकसान झालं, तेही विजा कडाडत होत्या त्या रात्री, कारण विजेच्या वेळी झाडावर कोणीच बसायचं नाही, घरीच थांबायचं हे आम्ही आधीच ठरवलं होतं. त्याचा पंचनामा लगेच दुसऱ्या दिवशी करून घेतला. बाकी धान कापून पुंजणे, म्हणजे पेंढ्यांचे ढीग, लागले तोपर्यंत मामा रोज तिथंच होते.

फेब्रुवारीच्या शेवटी मी परत गेलो. मचाण मोहावर नाही, येनावर बांधलं असलं तरी पन्नास पावलांवर मोह आहेच, फुलं गळायला लागली की अस्वल या धुऱ्यावरून जाणार. तट्टी, बांबू, शिडी सगळं खाली काढलं, बांबू गोठ्याच्या माळ्यावर गेले. दुबेळक्यातली पोती काढली तर खाली साल जशीच्या तशी होती, पण पहिल्या वेळची तार जिथं पिळली होती तिथं खोडावर अजून खोल वळ आहे, त्यातून डिंक येऊन वाळलाय. मामांनी त्यावर शेण माती लिंपली. पुढच्या सप्टेंबरात त्याच्या जरा वर बांधू म्हणाले.